मोगलाईच्या बातमीपत्रांतील आपली माणसे

नल्लकुंटा, काचीगुडा, बरकतपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत एक वाक्य हटकून ऐकू येते: ‘आमचे घराणे सालारजंगांच्या काळात हैदराबादेत आले.’ काही घरे याहूनही मागे जातात आणि आपला संबंध रायरायाँच्या दप्तराशी जोडतात. यांपैकी काही कथने खरी असणार यात शंका नाही. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. कारभाराची नवी घडी बसविताना त्यांना हिशेबात आणि लिखापढीत तरबेज अशी माणसे हवी होती. दफ्तर-ए-दिवाणी तर त्याच्याही आधीपासून रायरायाँ या मराठी घराण्याकडे होते. परंतु घराण्यागणिक विचारू लागले की गोष्ट लवकरच संपते. पणजोबांचे नाव, मूळ गाव, कुलदैवत आणि ‘सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते’ हे वाक्य, यापुढे बहुधा काही हाती लागत नाही. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत नावे मिळतात, पिढ्या मिळतात. पण तो माणूस रोज सकाळी उठून काय करीत होता, कोणाशी भांडत होता, कोणत्या सभेला जात होता, हे त्या वहीत नसते. ते असलेच तर जुन्या वृत्तपत्रांत असते.

वृत्तपत्र म्हटले की आपल्याला अग्रलेख आठवतो. कुटुंबेतिहासाच्या दृष्टीने अग्रलेखाचा उपयोग फार थोडा. उपयोग होतो तो मागच्या पानावरच्या बारीक टाइपाचा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त, परीक्षेचे निकाल, वर्गणीदारांची व देणगीदारांची यादी, ‘साभार पोच’, बदल्या व नेमणुका, दुकानाची जाहिरात, कोर्टाची नोटीस, निधनवार्ता, आणि संपादकांस लिहिलेले एखादे तक्रारीचे पत्र. एखाद्या फंडाच्या यादीत ‘रुपये दोन’ असा आकडा आणि त्यापुढे नाव व मोहल्ला आढळला, तर तो माणूस त्या वर्षी हयात होता, त्या मोहल्ल्यात राहत होता आणि त्या कार्याशी त्याची सहानुभूती होती, इतक्या तीन गोष्टी एका ओळीत सिद्ध होतात. घरच्या आठवणींना हा आधार क्वचितच असतो.

आता अडचण अशी की आपल्या शहराचे ‘स्थानिक’ मराठी वृत्तपत्र शोधू गेल्यास हाती फारसे येत नाही. लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक १९२० पासून हैदराबादेत निघू लागले आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. पण संस्थानात वृत्तपत्र काढण्यास सरकारची परवानगी लागे, आणि जे छापले जाई ते दरबाराची मर्जी सांभाळून. त्यामुळे येथील मराठी माणसाला मोकळेपणाने काही सांगावयाचे झाले की तो ते संस्थानाच्या हद्दीबाहेर पाठवी. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून आणि ‘केसरी’ १८८१ पासून पुण्याहून निघत होते, आणि मोगलाईतील बातमीदारांची पत्रे अशा पत्रांकडे जात. लिहिणारा बहुधा नाव देत नसे. ते साहजिकच होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते आणि येथील सार्वजनिक कार्यात रमले होते. त्यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख मात्र छापला गेला कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्ता’त, आणि १९०८ साली त्यावरून खटला झाला. हैदराबादकराचा मजकूर, कोल्हापूरचे मासिक! म्हणून आम्ही असे म्हणतो की आपल्या घराण्यांचा छापील इतिहास या शहरात कमी आणि पुणे, सोलापूर, मुंबई येथे अधिक आहे. शोधाची सुरुवात तेथून करावी.

तेथे गेल्यावर ‘हैदराबाद’ हा शब्द शोधून भागत नाही. जुनी मराठी पत्रे संस्थानाला ‘मोगलाई’ म्हणत, कधी ‘निजाम इलाखा’ म्हणत, आणि शहराला ‘भागानगर’ म्हणत. १९३८-३९ मधील हिंदुमहासभेची चळवळसुद्धा ‘भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार’ याच नावाने ओळखली गेली. उलट जेथे ‘हैदराबाद’ म्हणून मथळा दिसतो तेथे पुष्कळदा सिंधमधील हैदराबाद निघते. मथळा पाहून हरखून जाण्यापूर्वी दोन ओळी खाली वाचाव्यात.

‘मराठवाडा’ पत्राचा प्रकार तर याहून मौजेचा आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ते पुण्याहून सुरू केले. निजाम सरकारने त्याला संस्थानात बंदी केली, तेव्हा ते दुसऱ्या नावाने निघाले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा तिसऱ्या. अशी अनेक नावे त्याने धारण केली. ग्रंथालयाच्या सूचीत केवळ ‘मराठवाडा’ या नावाखाली पाहणाऱ्यास मधले कित्येक अंक मिळणार नाहीत, आणि नेमके तेच अंक सत्याग्रह व अटकांच्या काळातील आहेत. ज्या घरांत ‘आजोबा तुरुंगात होते’ एवढेच माहीत आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झाला आणि दोन महिन्यांत स्थगित झाला. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रहही झाला. आजोबा कोणत्या तुकडीत होते, कोणत्या दिवशी पकडले गेले, हे घरात कोणालाही सांगता येत नसले तरी संस्थानाबाहेरच्या पत्रांत सापडण्याचा संभव मोठा आहे.

याच वर्षाशी संबंधित असा एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. आजोबा हैदराबादचे, शिकले येथल्याच शाळेत, नोकरीही येथेच. मग पदवीपत्र नागपूर विद्यापीठाचे कसे? नागपुरात तर कोणी नातेवाईकही नव्हते. घरात यावर तर्क चालतात: येथे नापास झाले असावेत, रागावून निघून गेले असावेत, कोणा मामांनी नेले असावे. एका घरी तर ‘आजोबा वर्षभर घर सोडून गेले होते’ अशी थोडी लाजेची आठवण जपलेली होती, आणि ती कुजबुजत सांगितली जाई. ज्यांच्या घरी १९३९ नंतरच्या तीन-चार वर्षांतील असे पदवीपत्र आहे, त्यांनी नोव्हेंबर व डिसेंबर १९३८ चे अंक पाहावेत. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, त्यांना मनाई झाली, त्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो मुले विद्यापीठाबाहेर काढली गेली. त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतीलच एक. वरील घरातील लाज एका कात्रणाने गेली. आजोबांचे नाव त्यात नव्हते, पण वसतिगृह तेच होते आणि दिवसही तेच. नल्लकुंट्याहून विद्यापीठ किती जवळ आहे हे सांगावयास नको. तरीही ही गोष्ट घरात विसरली जावी, हे आम्हांस नवल वाटते. कदाचित त्या पिढीला ती सांगण्यासारखी वाटली नसेल. संस्थानात नोकरी करावयाची असताना ती न सांगणेच शहाणपणाचे होते.

बाहेरच्या मराठी पत्रांनंतर येतो तो येथील उर्दू पत्रांचा साठा, आणि येथे आपल्यापैकी बहुतेकांची गती खुंटते. १८८४ पासून संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. ‘मुशीर-ए-दक्कन’, ‘रहबर-ए-दक्कन’, ‘पयाम’, ‘रय्यत’ या पत्रांतून, आणि सर्वांत अधिक ‘जरीदा-ए-एलामिया’ या सरकारी राजपत्रातून, मराठी माणसांची नावे येतात. ‘मुशीर-ए-दक्कन’ तर पंडित किशनराव यांनी काढलेले. राजपत्रात नेमणुका, बढत्या, रजा व बदल्या असत. इनाम व वतनाच्या वारसांविषयीची इश्तिहारे असत. इनामदाराच्या मृत्यूनंतर ‘विरासत’ कोणाच्या नावे व्हावी याची चौकशी होई, आणि तीत मुलगे, दत्तक, विधवा, भाऊबंद असे सगळे नावानिशी उभे राहत. कोणतीही वंशावळ इतकी प्रामाणिक नसते. वंशावळीत दत्तक मुलगा औरसासारखा बसवलेला असतो. इश्तिहारात त्याच्यापुढे ‘मुतबन्ना’ असा शब्द असतो.

परंतु ही नावे ओळखणे सोपे नाही. उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ नाही. काळे यांचे ‘काले’ होतात, गणपतराव ‘गनपतराव’ होतात. ऊ, ओ, औ आणि व या सर्वांना एकच अक्षर असल्याने बोरकर आणि बूरकर डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यातून आडनाव लिहिण्याची सक्ती नव्हती: ‘किशनराव वल्द रामराव’ एवढ्यावर काम भागे. ज्यांना आपण घरात कुलकर्णी म्हणतो ते सरकारी कागदात ‘पटवारी’ असतात, कारण संस्थानात त्या हुद्द्याचे नाव ते होते. तेव्हा केवळ आडनाव घेऊन शोधाला निघणाऱ्याने रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी. आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, तालुका आणि खाते या चार गोष्टी आधी लिहून घेतल्या तर पुढचा शोध बराच सुकर होतो.

आणि तारखा! या एका बाबतीत आमच्या वाचकांनी थोडे हिशेबी व्हावे अशी आमची विनंती आहे. संस्थानाच्या कारभारात फसली सन चाले. त्याचे महिने इराणी पद्धतीचे: आझुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. वर्षारंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून आझुर, दै आणि बहमनचा बहुतेक भाग यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत व पुढील महिन्यांसाठी ५९१, म्हणजे इसवी सन येतो. मराठी दप्तरांतील फसली सन मात्र मृगापासून धरलेला असतो. तो आणि हा सरमिसळ करू नये. याहून मोठा घोटाळा हिजरी सनाचा. एखाद्या कागदावर जन्म १३२२ असा लिहिला असेल आणि तो फसली असेल, तर जन्म १९१२-१३ मधला. हिजरी असेल, तर १९०४-०५ मधला. आठ वर्षांचे अंतर पडते! एकाच माणसाची शाळेतील नोंद एक, सेवापुस्तकातील दुसरी आणि घरच्या जन्मपत्रिकेतील तिसरी, असा प्रकार दिसला तर आजोबांनी वय चोरले असे लगेच मानू नये. आधी सन कोणता ते पाहावे. काही आजोबांनी वय चोरलेही असेल, तो भाग निराळा.

ताळा पाहण्यास एक खूण उपयोगी पडते. मुसी नदीचा महापूर २८ सप्टेंबर १९०८ रोजी आला. तो फसली १३१७ चा शेवटचा महिना, आबान. आणि हिजरी १३२६ च्या रमजानचा आरंभ. जुन्या बायका आपले वय ‘तुग्यानी’वरून सांगत: तुग्यानीच्या साली लग्न झाले, तुग्यानीनंतर दोन वर्षांनी थोरला झाला. त्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानले जाते. अफझलगंज, कोळसावाडी या वस्त्यांचा तर नायनाट झाला. आपल्या कितीतरी घरांत ‘जुने कागद पुरात गेले’ असे उत्तर मिळते ते याच पुराविषयी. विवेकवर्धिनी तेव्हा अवघी वर्षाची होती. ज्यांचे कागद पुरात गेले त्यांच्या बाबतीत १९०८ पूर्वीचा एकमेव साक्षीदार म्हणजे त्या काळी पुण्यामुंबईस पोहोचलेला छापील मजकूर. तो तेथे कोरडा राहिला.

पत्त्यांविषयी थोडे सांगावयास हवे. बातमीत ‘रेसिडेन्सी बाजार’ असा पत्ता आढळला तर तो आजचा सुलतानबाजार. १९३३ पर्यंत हा भाग ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलाखाली होता, म्हणजे रस्ता ओलांडला की कायदा बदले. तेथे राहणाऱ्यांच्या नोंदी निजामाच्या दप्तरात न मिळाल्यास आश्चर्य मानू नये. आपल्या नल्लकुंट्याचा उल्लेख जुन्या मजकुरात बहुधा येतो तो साथीच्या रोगांच्या दवाखान्यामुळे. फीवर हॉस्पिटलला आजही जुनी माणसे ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. हे क्वारंटाइनचेच रूप. प्लेगाच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या काळात गेलेल्या माणसांविषयी घरात ‘तापाने गेले’ एवढेच सांगितले जाते. त्या महिन्यांचे अंक चाळले की तो ताप कोणता होता ते कळते, आणि एकाच घरातील तीन मृत्यू एका पंधरवड्यात का झाले तेही.

वृत्तपत्रातून जे कळते ते सगळे सुखद असेल असे नाही. ‘माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी देवघेव केल्यास मी जबाबदार नाही’ अशी जाहीर नोटीस पणजोबांच्या नावाने निघाली तर घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. दिवाळखोरी, भाऊबंदकीचा दावा, माफी मागून तुरुंगातून सुटका, अशा गोष्टी निघतात. हे टिपून ठेवावे की पान उलटावे? आमचे मत टिपून ठेवावे असे आहे. ज्या मुलाविषयी ती नोटीस निघाली त्याचे पुढे काय झाले, हे शोधण्याची प्रेरणा त्या ओळीतूनच मिळते. आणि बहुतेक वेळा आपण त्याच मुलाचे वंशज असतो. छापणे न छापणे हा वेगळा प्रश्न आहे व तो त्या त्या घराने ठरवावा.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र वृत्तपत्रांनी आपली फार निराशा केली आहे. हळदीकुंकवाच्या समारंभाचा अर्धा रकाना वृत्तान्त येतो आणि त्यात एकीचेही स्वतःचे नाव नसते: ‘अमुक वकिलांच्या पत्नी’, ‘तमुक साहेबांच्या मातोश्री’. माहेरचे नाव तर शोधूनही मिळत नाही. येथे शाळेच्या निकालांची आणि बक्षीससमारंभांची पाने कामी येतात, कारण विद्यार्थिनी म्हणून मुलीचे नाव आणि वडिलांचे नाव एकत्र छापले जाई. लग्नापूर्वीच्या त्या दोन-तीन वर्षांत ती बाई आपल्या नावाने उभी दिसते. त्याचप्रमाणे शेतमजूर, कारागीर, घरकामाची माणसे यांचा उल्लेख पूर, साथ किंवा गुन्हा यांखेरीज सापडणे कठीण. आपण सर्वजण वकील, शिक्षक आणि कारकून यांचेच वंशज आहोत असा जो भास या पानांवरून होतो, तो पानांचा दोष आहे.

हे साठे आज कोठे आहेत? अफझलगंजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे १८९१ साली स्थापन झालेले जुने असफिया ग्रंथालय, आणि तार्नाक्याचे राज्य अभिलेखागार ही दोन ठिकाणे आपल्या दाराशी आहेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकालीन नोंदींच्या शोधात हैदराबादला आली, तेव्हा या दप्तरांचे मोल महाराष्ट्रातही नव्याने चर्चेत आले. बाघलिंगमपल्लीच्या सुंदरय्या विज्ञान केंद्रात अब्दुस्समद खाँ यांनी आयुष्यभर जमविलेला उर्दू ग्रंथ व नियतकालिकांचा संग्रह आहे. नल्लकुंट्याहून ते अंतर पायी जाण्यासारखे आहे. ऑगस्ट २००० मधील अतिवृष्टीत या केंद्रात पाणी शिरले आणि संग्रहाचे मोठे नुकसान झाले. पुष्कळसे नंतर खटपटीने वाचविण्यात आले. १९०८ चा पूर ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही बातमी वाचताना काय वाटले असेल, ते आम्ही समजू शकतो.

कागद मात्र पाण्यानेच जातो असे नाही. १९४८ पूर्वी उर्दू माध्यमातून शिकलेली आपली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. जरीद्यातील एक पान त्यांच्यापुढे ठेवले तर चष्मा पुसून ती सरळ वाचू लागतात. त्यांच्या मुलांना ते पान उलटे धरले आहे की सुलटे हेही सांगता येत नाही. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखी मराठी, उर्दू आणि फारसी तिन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणारी माणसे या शहराने घडविली. आता तसा एक वाचक मिळविण्यासाठी चार घरे फिरावी लागतात. तेव्हा अभिलेखागारात जाण्याच्या आधी घरच्या पेटीत जे आहे ते बाहेर काढावे: मुलकी दाखला, सेवापुस्तक, कोणीतरी जपलेली कात्रणे. कात्रणाच्या मागे पत्राचे नाव व तारीख बहुधा नसते, पण मागच्या बाजूस छापलेली अर्धी जाहिरात किंवा नाटकाचा प्रयोग यावरून आठवडा ठरविता येतो. म्हणून कात्रण कधीही कागदावर डकवू नये. आणि घरात कोणी उर्दू वाचणारे असतील तर त्यांच्याजवळ बसून ते पान मोठ्याने वाचून घ्यावे, ते जसे उच्चारतील तसे देवनागरीत उतरवावे, संशय असेल तेथे दोन्ही उच्चार लिहावेत, आणि खाली त्या दिवसाची तारीख व वाचणाऱ्याचे नाव घालावे. पुढील पिढीला त्या पानाइतकेच तेही नाव हवे असेल.